जिप्सीची स्टेपनी दारावरून उतरवली, त्याला चौदा महिने झाले

दीड वर्षापूर्वी गाडी धुताना मागच्या दाराच्या वरच्या बिजागरीपाशी रंगात केसाएवढी रेघ दिसली. नखाने खरवडली तर रंगाचा पोपडा निघाला आणि खालचा पत्राही चिरलेला निघाला. त्याआधी दोन-तीन महिने मागून ‘टक् टक्’ वाजत होतं आणि मी जॅकला, टूलकिटला, शेवटी पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बुशांना शिव्या घालत होतो.

गाडी २००८ची मारुती जिप्सी किंग, सॉफ्ट टॉप, म्हणजे कापडी टपाची. यात दाराची काही चूक नाही, हे आधीच सांगतो. ते दार २०५/७० आर १५ टायरची स्टेपनी पेलण्यासाठी बनवलेलं. मी गाडी दोन इंच उचलून (लिफ्ट करून) २३५/७५ हे मोठे टायर घातले, तेही मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे. कोल्हापुरात राहण्याचा एक फायदा म्हणजे काटा कुठेही मिळतो. मार्केट यार्डात मित्राच्या गुळाच्या काट्यावर दोन्ही चाकं रिमसकट ठेवली. जुनं १८ किलो भरलं, नवं २७. उंचीतही फरक आहे, जुनं ६६८ मिलिमीटर आणि नवं ७३३. भरीला ते दारात रुतू नये म्हणून मागे स्पेसर (अंतर ठेवणारा तुकडा) घातला होता, म्हणजे वजन वाढलं ते वाढलं, वर दारापासून आणखी लांब गेलं. बादली अंगाशी धरून चालणं वेगळं आणि हात लांब करून धरून चालणं वेगळं. दाराकडून मी दुसरं काम करून घेत होतो, तेही खडीच्या रस्त्यावर.

सॉफ्ट टॉप असल्यामुळे स्टेपनी टपावर टाकायचा प्रश्नच नव्हता. आत ठेवली तर मागची जागा संपली. चाकाशिवाय फिरणं हा पर्याय काहींना चालतो. २०२०च्या नियमाप्रमाणे ट्यूबलेस टायर, पंक्चर किट आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असलेल्या मोटारींना स्टेपनीची सक्तीही नाही. पण दाजीपूरच्या बाजूला साइडवॉल (टायरची बाजू) फाटली की किटमधली भोक बुजवायची दोरी काय करणार? (जाता जाता : स्टेपनी हा आपल्याला घरचा वाटणारा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेप्नी रस्त्यावरून आलाय. १९०४च्या सुमारास तिथे अशी जादा चाकं बनायला लागली. तिकडचे लोक हा शब्द विसरले, आपण अजून गॅरेजात रोज वापरतो.)

तेव्हा ठरलं की स्टेपनी दारावरून काढायची आणि चासीला (गाडीच्या सांगाड्याला) धरलेल्या, फाटकासारख्या उघडणाऱ्या हातावर टांगायची. तयार मिळतात, पण माझ्या बंपरला बसेल असं मिळालं नाही, आणि खरं सांगायचं तर लेथ-वेल्डिंगवाल्यांचं उद्यमनगर दहा मिनिटांवर असताना तयार आणायची लाजही वाटली.

आधी पीव्हीसी पाइपचं मॉडेल केलं. घरी सगळे हसले, पण त्या दोनशे रुपयांच्या पाइपने मोठा घोळ वाचवला. मी पिन (हात जिच्याभोवती फिरतो तो उभा दांडा) डाव्या बाजूला घेणार होतो, कारण तिथे चासीला भोकं सोयीची होती. जिप्सीचं दार उजव्या बिजागरीवर उघडतं. पाइपचा हात डावीकडे आणि दार उजवीकडे उघडल्यावर मधे माणसाला शिरायला फट उरली एक वीतभर. मुकाट्याने पिन उजवीकडे नेली.

आता पिनबद्दल, कारण नवशिक्यांचं सगळं लक्ष तिकडेच जातं आणि माझंही गेलं होतं. हिशोब साधा आहे. हात पूर्ण उघडला की चाकाचा मध्य पिनपासून साधारण ६२ सेंटिमीटरवर येतो. २७ किलो गुणिले ०.६२ म्हणजे पिनीला वाकवणारा जोर जवळपास १७ किलोग्रॅम-मीटर. हाताचं स्वतःचं वजन १२ किलो, त्याचे आणखी चार धरा. एकवीस झाले. पिनीवरच्या वर-खाली दोन बेअरिंगांमधलं अंतर ११ सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक बेअरिंगवर आडवा जोर १९० किलोच्या आसपास. हे गाडी उभी असताना. साधी बुश आणि ग्रीस एवढ्यावर भागेल असं म्हणणाऱ्यांचे हात वर्षभरात खाली का झुकतात, ते या आकड्यात आहे.

लेथवाले मामा साठीच्या पुढचे. कागदावरचं चित्र बघून म्हणाले, “पावणं, ही ट्रॉलीच्या चाकाची हबच हाय की. उभी केलीय नुसती.” अगदी तेच. खाली ३०२०६ नंबरचं बेअरिंग, वर ३०२०५, दोन्ही टेपर रोलर (निमुळत्या रोलरची), तोंडं एकमेकांच्या उलट. ईएन८ पोलादाची पिन, वरती आटे, चेक नट आणि स्प्लिट पिन. नट आवळताना मामांनी हब हाताने फिरवत फिरवत आवळला, जड लागायला लागल्यावर किंचित मागे घेतला आणि माझा हात त्यावर ठेवून म्हणाले, “एवढंच. ह्यात हवा नको आन् गळाबी आवळायचा न्हाई.” चौदा महिन्यांत त्या नटाला मी एकदाच हात लावला.

त्यांनीच वेल्डरला बजावलं की ईएन८मध्ये कार्बन जास्त असतो, थंड्या पिनीवर थेट टाका मारलास तर कडेने तडकेल. आधी टॉर्चने तापवली, वेल्डिंगचे ७०१८ रॉड कोरडे करून घेतले आणि पिन नव्या बंपरच्या लोखंडी चॅनेलमधून आरपार घालून वर-खाली दोन्हीकडे भरली. चासीला मात्र एकही टाका नाही. दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटरच्या प्लेटा, १२ मिलिमीटरचे ८.८ ग्रेडचे बोल्ट, आणि चासीच्या पोकळीत बोल्टभोवती पाइपचे तुकडे, म्हणजे आवळताना चासी चेपत नाही. हाताला ५० बाय ५० चा ३ मिलिमीटर चौकोनी पाइप. चाकाचे स्टड जिप्सीचेच, १२ बाय १.२५ आट्याचे, म्हणजे एकच पाना सगळीकडे चालतो.

इथपर्यंत सगळं झकास. मग मी माती खाल्ली ती दुसऱ्या टोकाला, कुलपाच्या बाजूला.

पिनीच्या प्रेमात इतका पडलो होतो की बंद असताना हात कशावर बसणार, याचा विचार शेवटच्या तासात केला. बंपरवर एक कोनाची पट्टी, तिच्यावर जाड रबराचा तुकडा, आणि ओढून बसवणारा टॉगल क्लॅम्प. पहिला महिना एकदम शांत. गाडीत मागून आवाजच येईना, मी येईल त्याला दार उघडून दाखवत होतो. दुसऱ्या महिन्यात रबर चेपलं. हात चार-पाच मिलिमीटर खाली बसला, क्लॅम्प ढिला पडला आणि खडीवर पूर्ण चाक पिनीभोवती डुगडुगायला लागलं. गगनबावड्याहून भुईबावडा घाट उतरताना मागच्या दुचाकीवाल्याने हातवारे करून थांबवलं. क्लॅम्पची मूठ उघडून लोंबत होती. हात कसा टिकला देव जाणे, बहुतेक चढ-उतारामुळे आपोआप दाबून राहिला असावा. उरलेला घाट दोरीने बांधून उतरलो.

त्यानंतर जे कळलं ते आधी कळायला हवं होतं. पिन ही उघडण्यासाठी असते. गाडी चालताना चाकाचं वजन दोन्ही टोकांनी वाटून घेतलं पाहिजे आणि हात कुठल्याही दिशेने केसभरही हलता कामा नये. बेअरिंग कितीही भारी घाला, दुसरं टोक मोकळं हललं की ते बेअरिंग नाही, हातोडा होतो. रबर काढून टाकलं. त्या जागी उतार दिलेला नायलॉनचा ठोकळा बसवला. हात बंद होताना त्या उतारावर चढतो, शेवटच्या बोटभर अंतरात दोन-तीन मिलिमीटर वर उचलला जातो आणि खाचेत पाचरीसारखा बसतो. क्लॅम्प फक्त ओढून धरतो, वजन घेत नाही. वर क्लॅम्पच्या भोकात साखळीला लावलेली आर-पिन (इंग्रजी R च्या आकाराची तारेची पिन). हे केल्यापासून म्हणजे गेले अकरा महिने आवाज शून्य. नायलॉन किंचित झिजलाय, त्याखाली एक पातळ शिम (पत्र्याची पट्टी) घातली की वर्षभर बघायला नको.

क्लॅम्पचा ब्रॅकेटही पाचव्या महिन्यात टाक्याच्या कडेने चिरला. ३ मिलिमीटरच्या पाइपवर ८ मिलिमीटरचा तुकडा थेट चिकटवला की सगळा ताण टाक्याच्या काठावर येतो. आता खाली गोल कोपऱ्यांची पसरट प्लेट आणि दोन बाजूंना त्रिकोणी गसेट (आधाराच्या पट्ट्या) आहेत.

दुसरी चूक माझ्या दाजींच्या कोपरावर निघाली. उतारावर गाडी उभी, हात उघडा, ते डब्यातली भेळ काढत होते आणि पाठीमागून ३९ किलोंचं फाटक शांतपणे बंद झालं. कोपर सुजलं, भेळ सांडली, आणि बहिणीने भेळेचंच जास्त ऐकवलं. हब जेवढी मऊ फिरते तेवढा हा धोका मोठा. आता हबखालच्या प्लेटला दोन भोकं आहेत आणि स्प्रिंगची खिट्टी आहे. हात ९० अंशांवर गेला की खिट्टी आपोआप पडते आणि उचलल्याशिवाय हात हलत नाही. हे पहिल्या दिवशीच करा. तीनशे रुपयांचं काम आहे.

पावसाळा. आमच्याकडचा पाऊस म्हणजे गगनबावड्याचा पाऊस, त्यात जे टिकलं ते टिकलं. पावडर कोटिंग बाहेरून छान राहिलं, दगड लागून उडालं तिथे टचअप केलं. आतली गोष्ट वेगळी. जुलैत हात उघडला तर पाइपच्या आत पाणी डचमळल्याचा आवाज आला. टोकं बंद केली होती, पण नंबर प्लेटच्या वायरसाठी पाडलेल्या भोकातून पाणी आत गेलं आणि बाहेर पडायला वाट नव्हती. खाली ८ मिलिमीटरचं भोक पाडलं तर चहाच्या रंगाचं अर्धा लिटर निघालं. मग आतून जुनं इंजिन ऑइल फिरवलं.

नंबर प्लेट आणि तिचा दिवा हातावर घ्यावे लागले, कारण मोठ्या चाकामागे प्लेट अर्धी झाकली जात होती आणि ते उघड बेकायदा आहे. कायद्याचा विषय निघालाच आहे तर झाकून ठेवत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेपासून वेगळे बदल करायला मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये ते आणखी ठळक केलं. सगळं बोल्टवर आहे, मूळ बंपर आणि दारावरचा स्टँड माळ्यावर गुंडाळून ठेवलाय, दोन तासांत गाडी जशीच्या तशी होते. पण सुटं होतं म्हणून ते नियमात बसतं असं समजू नका. मी जोखीम घेतली आहे, तुम्ही तुमची ठरवा.

चालवण्यात काय बदललं? जिप्सी मुळात हजार किलोंच्या आतबाहेरची. चॅनेल, हात आणि चाकाचा वाढीव भार मिळून सुमारे ४० किलो मागच्या अॅक्सलच्याही मागे ९० सेंटिमीटरवर आले. व्हीलबेस २३७५ मिलिमीटर, म्हणजे तरफेच्या हिशोबाने पुढच्या चाकांवरचं १५ किलो वजन कमी झालं. डांबरावर फारसं कळत नाही, ओल्या चढावर स्टेअरिंग किंचित हलकं लागतं. मागच्या पाट्या जरा बसल्यात. आरशात मागचं बरंचसं दिसणं बंद झालंय, रिव्हर्स घेताना खाली उतरून बघायची सवय लागली.

स्टेपनी खरोखर वापरायची वेळ चौदा महिन्यांत एकदाच आली, राधानगरी रस्त्यावर, संध्याकाळी. काढणं सोपं. पंक्चर झालेलं, चिखलाने भरलेलं चाक परत वर चढवणं हा वेगळा व्यायाम आहे. मी मध्य जमिनीपासून ९५ सेंटिमीटरवर ठेवलाय, मागे खड्ड्यातून चढताना चाक टेकू नये म्हणून. ७-८ सेंटिमीटर खाली घेतला असता तरी चाललं असतं. शेवटी पायाच्या पंजावर चाक उभं करून, गुडघ्याने ढकलून चढवलं, पँट गेली.

खर्च : लोखंड ६,२००, लेथ २,४००, बेअरिंग आणि सील ९००, फॅब्रिकेशन ७,०००, कोटिंग १,८००. वर माझ्या चुकांचे २,१००. एकूण २०,४००. शिवाय सहा रविवार. पुन्हा करायचं झालं तर करेन का? २३५ टायर ठेवायचे असतील तर हो, दुसरा मार्ग नाही. पण तुम्ही २१५/७५ वर थांबणार असाल तर आधी दाराला आतून प्लेट मारून बघा, बिजागऱ्यांच्या पिना बदला. कदाचित तेवढ्यावर भागेल आणि घरच्यांचे बोल वाचतील.

कारण घरच्यांचं मत ठरलेलं आहे. पूर्वी दार उघडायला एक हालचाल होती. आता आर-पिन, क्लॅम्प, हात, खिट्टी, मग दार. आईच्या दोन्ही हातात भाजीच्या पिशव्या असतात. ती मागे जातच नाही, पुढच्या सीटवर टाकते. आप्पांनी एकदा शांतपणे सगळं उघडून, बंद करून बघितलं आणि म्हणाले, “गोठ्याचं फाटक ह्याहून लवकर उघडतं.”

गेल्या रविवारी हब उघडली. वरची सील कोरडी, ग्रीस अजून पिवळं. खालच्या बेअरिंगचं ग्रीस काळपट आणि कडेला थोडी माती, म्हणजे खालची सील पाण्यात बुडते तिथे एक जास्त ओठाची सील हवी. मामांना फोन केला, म्हणाले घेऊन या, आणि येताना त्या नायलॉनच्या ठोकळ्याचं मापही आणा, दुसऱ्या एका जिप्सीवाल्याला पाहिजे.