रंकाळ्याच्या तीन प्रिंट: कुठली घ्यावी, कुठली नाही

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या जलरंगातील निसर्गचित्रांच्या तीन प्रिंट मी अलीकडेच एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवल्या. तिन्ही ए-३ आकाराच्या, म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटरच्या, सुती लगद्याच्या ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) जाड कागदावर छापलेल्या आहेत आणि फ्रेमशिवाय संचाची किंमत २,४०० रुपये पडली. पहिल्या चित्रात भर पावसाळ्यातील संध्यामठ आहे, दुसऱ्यात पाण्यापलीकडे संध्याकाळी दिसणारा शालिनी पॅलेस आणि तिसऱ्यात पद्माराजे उद्यानाच्या बाजूची सकाळ.

माझे शालेय वय रंकाळ्याच्या काठावर गेले असल्यामुळे ही चित्रे मला कुठल्याही एका तळ्याची सुंदर दृश्ये म्हणून पाहता येत नाहीत. शिवाय कोल्हापुरात पाणी आणि उजेड रंगवणाऱ्या प्रत्येक चित्रकाराच्या मागे आबालाल रहिमान उभे असतात. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले, शाहू महाराजांचा आश्रय लाभलेले आणि १९३१ मध्ये निवर्तलेले हे चित्रकार रंकाळा, कोटितीर्थ आणि पंचगंगेचा परिसर असा रंगवून गेले आहेत की, या गावच्या रसिकाची नजर सहजासहजी समाधान मानत नाही. तेव्हा माझी कसोटी थोडी कडक आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

संध्यामठाची प्रिंट या कसोटीला पूर्ण उतरली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की हा दगडी मंडप उघडा पडतो आणि पावसाळ्यात त्याचे खांब पाण्यात बुडू लागतात. चित्रकाराने नेमका हा दुसरा क्षण पकडला आहे. भिजलेला काळा दगड रंगवणे अवघड असते, कारण नळीतला तयार काळा रंग लावला की दगड कोळशासारखा मेलेला दिसतो. इथे काळा रंग निळा आणि तपकिरी मिसळून साधलेला दिसतो, आणि प्रिंट डोळ्यांजवळ धरली की खांबांच्या सावलीत निळ्या रंगाचे बारीक कण कागदाच्या खळग्यांत बसलेले स्पष्ट दिसतात. मूळ चित्राचे स्कॅनिंग काळजीपूर्वक झाल्याशिवाय हे कण प्रिंटमध्ये उतरत नाहीत. अशा चकाकी नसलेल्या कागदावर गडद छटा चकचकीत कागदाइतक्या खोल जात नाहीत, ही त्याची मर्यादा आहे. परंतु पावसातल्या करड्या उजेडाला तो हलका फिकेपणा शोभून दिसतो.

शालिनी पॅलेसच्या प्रिंटने मात्र माझी निराशा केली. १९३१ ते १९३४ या काळात बांधलेल्या या राजवाड्याचे सगळे भारदस्तपण त्याच्या काळ्या दगडात आहे. मावळतीचे आकाश अधिक उठावदार दिसावे म्हणून छपाईपूर्वी रंगांची तीव्रता वाढवली गेली असावी, कारण नारिंगी छटा सगळीकडे पसरली आहे आणि दगड जांभळट तपकिरी झाला आहे. रंकाळ्यावरची संध्याकाळ एवढी भडक नसते. सूर्य कलला की पाणी आधी पितळेसारखे होते, मग पाहता पाहता राखाडी, आणि काठावरच्या भेळेच्या गाड्यांचे दिवे त्यात थरथरू लागतात. विक्रेत्याने संकेतस्थळावर मूळ चित्राचा साधा, न सुधारलेला फोटोही ठेवला असता, तर ही प्रिंट मी घेतली नसती.

तिसऱ्या प्रिंटमधील दोष चित्राचा नसून कापणीचा होता. मूळ चित्र १५ बाय २२ इंचांच्या कागदावर आहे, आणि या आकाराचे लांबी-रुंदीचे प्रमाण ए-३ शी जुळत नाही. पांढरी किनार न ठेवता पूर्ण कागद भरायचा म्हटले की मूळ चित्राच्या लांबीतून पाऊण इंचाहून थोडा अधिक भाग जातो. माझ्या प्रिंटमध्ये तो एकाच बाजूने गेला आणि त्याबरोबर चित्रकाराची सहीही अर्धी कापली गेली. स्वतःच्या हाताने केलेल्या कामावरची सही अशी छाटली जावी, याचे मला खरोखर वाईट वाटले. मी फोटोसह तक्रार केली आणि किनार ठेवून छापलेली नवी प्रिंट आठ दिवसांत विनामूल्य आली, हे विक्रेत्याच्या बाजूने आवर्जून नोंदवतो.

पाठवणीबाबत एक सूचना करतो. इतका जाड कागद सुरळी करून नळीतून पाठवला की तो सहजी सरळ होत नाही. माझ्या प्रिंट तीन दिवस जाड पुस्तकांखाली ठेवाव्या लागल्या. थोडे जास्त पैसे घेऊन सपाट पुठ्ठ्यात पाठवण्याची सोय असायला हवी. फ्रेम करताना माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, जरूर लावून घ्यावा, म्हणजे कागद काचेला चिकटत नाही.

संपूर्ण संच घेण्याची गरज नाही. संध्यामठाची प्रिंट निःशंकपणे घ्यावी, आणि उद्यानाची घ्यायची असल्यास किनार ठेवूनच छापून मागावी. त्या नव्या प्रिंटमध्ये सही तर पूर्ण आलीच, पण तिच्या शेजारी पाण्यावर तरंगणारा केंदाळाचा, म्हणजे जलपर्णीचा, एक हिरवा पुंजकाही दिसला, जो आधी कापला गेला होता. रंकाळ्याला वर्षानुवर्षे छळणारे ते केंदाळ चित्रकाराने लपवले नव्हते.