बर्लिनचं बॉनहोफर हाऊस: वरच्या खोलीसाठी जा

लेकीकडे बर्लिनला आलो की सगळे आधी ती भिंत दाखवतात, ती बघून झाली, मग म्हटलं मला मारीनबुर्गर आले या रस्त्यावरच्या ४३ नंबरच्या घरी जायचंय. जावई म्हणाले, बाबा तिथं नुसते बंगले आहेत हो. खरंच नुसते बंगलेच आहेत. हेअरश्ट्रासे स्टेशनला उतरायचं आणि चालत जायचं, गल्ली अगदी शांत. आधी कळवून वेळ ठरवून जा, तिकीट वगैरे नाही, जमेल ती देणगी द्यायची.

घर १९३५ चं, हिटलरला विरोध करणाऱ्या डीट्रिख बॉनहोफर या पाळकाच्या (म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या) आईवडिलांनी बांधलेलं. खाली फोटो आणि माहिती आहे, निवांत वाचा, मी मात्र लगेच वर पळालो. वर उतरत्या छपराखाली त्याची खोली: टेबल, पुस्तकं, क्लॅविकॉर्ड म्हणजे पियानोचा छोटेखानी पूर्वज. बस एवढंच.

५ एप्रिल १९४३ ला दुपारी त्याने इथून बहिणीच्या घरी फोन लावला तर पलीकडून अनोळखी पुरुषाचा आवाज. तो काय ते समजला, आता आपल्यालाही अटक होणार. मग काय केलं, पळाला? नाही, शेजारच्या ४२ नंबरात दुसऱ्या बहिणीकडे गेला आणि तिला सांगितलं की मला पोटभर जेवायला वाढ! जेवून परत वर येऊन टेबल आवरलं, कुठले कागद सापडले पाहिजेत आणि कुठले नाही ते बघितलं, आणि चारच्या सुमारास वडील सांगायला आले की दोन माणसं तुला भेटायला आलीत.

ते जेवण माझ्या डोक्यातून जाईना. आमच्याकडे चर्चमध्ये ईस्टरआधीच्या दुःखसहनाच्या आठवड्यात उपदेश ऐकले की वाटतं प्रभू येशू छाती पुढे काढूनच वधस्तंभाकडे निघाला होता. अटकेच्या आदल्या घटकेला गेथशेमाने बागेत त्याने आधी हा प्याला टळू दे म्हणून विनवणी केली, घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता, हे आपण घाईघाईत वाचून पुढे जातो. लूकच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात तो यरुशलेमकडे तोंड वळवतो तेव्हा भीती संपलेली असते असं कुठंही लिहिलेलं नाही.

बॉनहोफरचंही तसंच. १९३४ मध्ये गांधीजींनी त्याला आश्रमात येऊन राहायला सांगितलं होतं, पण तो जर्मनीत परतला आणि फिंकेनवाल्डे गावात तरुण पाळक घडवत बसला, ती शाळा १९३७ ला हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, गेस्टापोने, बंद पाडली. १९३९ च्या जूनमध्ये मित्रांनी त्याला न्यूयॉर्कला पोचवलं, म्हणजे सुटलाच की! पण तिथं जीव रमेना, परत जायचं मनात ठरलंच होतं आणि त्यातच बायबलमधल्या तीमथ्याच्या पत्रातलं हिवाळ्यापूर्वी ये हे वचन वाचनात आलं, आणि महिनाभरात गडी बोटीत. आणि १९४४ च्या शरदात तुरुंगातून पळायचा प्लॅन तयार होता, एक पहारेकरीही बरोबर पळणार होता, पण भाऊ क्लाउस पकडला गेला आणि घरच्यांवर अजून संकट नको म्हणून याने तो सोडून दिला. मला विचाराल तर न्यूयॉर्कपेक्षा हा नकार जड, कारण तोवर दीड वर्ष कोठडी भोगून झाली होती.

वर गेल्यावर छपराकडे नीट बघा. १९४२ च्या नाताळात त्याने जवळच्या मोजक्या लोकांसाठी एक लेख लिहिला होता, त्याची एक प्रत याच छपराच्या वाशांत लपवलेली होती. मी तिथं मान वर करून इतका वेळ उभा की लेकीला वाटलं चक्कर येतेय.

लहान मुलांना नेऊ नका, कंटाळतील. अर्धा दिवस ठेवा. पाच स्टार. सेल्फी काढावासा वाटला नाही एवढं सांगतो.

त्याला ९ एप्रिल १९४५ ला फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी दिलं, वय ३९. आईवडिलांना मात्र पत्ताच नव्हता. २७ जुलैला लंडनमध्ये त्याच्यासाठी उपासना झाली ती रेडिओवर लागली होती, ती ऐकताना त्यांना कळलं.