कार्डातलं बटण: स्टॉपप्रोपगेशन, क्लोजेस्ट की मांडणीच बदलायची?

लोकलच्या वेळापत्रकाचं ॲप घेऊ. ‘चर्चगेट–विरार फास्ट’च्या कार्डावर टॅप केलं की स्टेशनांची यादी उघडते. कोपऱ्यातला तारा गाडी आवडत्यांत टाकण्यासाठी. पण तारा दाबला की गाडी सेव्ह होते आणि यादीही उघडते, कारण क्लिक आतल्या एलिमेंटवरून (पानाच्या घटकावरून) बाहेरच्यांकडे बबल होत, म्हणजे बुडबुड्यासारखा वर चढत जातो. हे स्टँडर्डप्रमाणेच आहे. कॅप्चर (बाहेरून आत) आणि बबल (आतून बाहेर) हे दोन्ही टप्पे 2000 सालच्या डॉम लेव्हल 2 मध्येच ठरले. डॉम म्हणजे ब्राउझरने ठेवलेलं पानातल्या एलिमेंटचं झाड.

सगळ्यांच्या हाताशी असतो तो ताऱ्याच्या हँडलरमधला (क्लिक झाल्यावर चालणाऱ्या फंक्शनमधला) स्टॉपप्रोपगेशन, म्हणजे क्लिकला पुढे जाण्यापासून थांबवणारी आज्ञा. एका ओळीत काम होतं, म्हणूनच तो कोडभर पसरतो. अडचण अशी, की क्लिक फक्त कार्डापासून नाही, वरच्या सगळ्यांपासूनच तुटतो. बाहेर क्लिक झाल्यावर मेनू बंद करणारा डॉक्युमेंटवरचा (अख्ख्या पानावरचा) लिसनर, म्हणजे क्लिकची वाट बघणारा कोड, क्लिक मोजणारं ॲनालिटिक्स, कुणालाच काही कळत नाही. मेनू उघडाच राहिल्याची तक्रार येते आणि शोधणारा भलत्याच फाइलमध्ये डोकं खुपसून बसतो.

दुसरा मार्ग: तारा आपलं काम करेल, कार्डाने बघावं की क्लिक कुठून आला. ईव्हेंटच्या टार्गेटवर, म्हणजे क्लिक नेमका ज्या एलिमेंटवर पडला त्यावर, क्लोजेस्ट (तिथून वर चढत हवा तो एलिमेंट शोधणारी मेथड) लावून बटण सापडलं तर काही न करता परत फिरायचं. टार्गेटची थेट बटणाशी बरोबरी करू नका. बोट बहुतेकदा बटणाच्या आतल्या एसव्हीजीवर (ताऱ्याच्या चित्रावर) पडतं. शंभर गाड्यांच्या यादीला एकच लिसनर लावायचा असेल तर हेच सोयीचं. मात्र इथे एक खोच आहे. ताऱ्याच्या हँडलरने रिकामा तारा काढून भरलेला टाकला, तर जुना एसव्हीजी डॉममधून सुटलेला असतो. बबलिंगचा मार्ग आधीच ठरलेला, त्यामुळे क्लिक कार्डापर्यंत येतोच. पण क्लोजेस्टला बटण सापडत नाही आणि यादी उघडते. तिथे कंपोज्डपाथ (क्लिकच्या ठरलेल्या मार्गातल्या एलिमेंटची यादी) वापरा, किंवा आयकॉन न बदलता त्याचा सीएसएस क्लास बदला.

ताऱ्यात प्रिव्हेंटडिफॉल्ट (ब्राउझरची नेहमीची कृती थांबवणं) करून कार्डात डिफॉल्टप्रिव्हेंटेड (ती थांबवली का, हे सांगणारी खूण) तपासणारेही असतात. आत चेकबॉक्स असेल तर तो टिकच होणार नाही, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

नवीन स्क्रीन बनवत असाल तर माझं मत तिसऱ्या पर्यायाला: कार्डाला क्लिक हँडलर द्यायचाच नाही. गाडीच्या नावाला खरी लिंक द्या, तिचा आफ्टर सूडो-एलिमेंट (सीएसएसने लिंकला जोडलेला, एचटीएमएलमध्ये नसलेला घटक) कार्डभर पसरवा आणि तारा झेड-इंडेक्सने (कोणता थर वर, हे ठरवणाऱ्या सीएसएस गुणधर्माने) वर आणा. एचटीएमएलच्या नियमाप्रमाणे लिंकच्या आत बटण चालत नाही, इथे ती दोन्ही शेजारी-शेजारी राहतात. कीबोर्ड, स्क्रीन रीडर, ‘नव्या टॅबमध्ये उघडा’, सगळं फुकटात मिळतं. कार्डावरचा मजकूर सिलेक्ट करणं मात्र अवघड होतं. गाडी नंबर कॉपी करायची लोकांना सवय असेल तर क्लोजेस्टच बरा.

जुन्या कोडमध्येही क्लोजेस्टच घाला. रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीमध्ये कार्डातून पोर्टलने (घटक डॉममध्ये दुसरीकडे दाखवायच्या सोयीने) मोडल, म्हणजे पानावर उघडणारी खिडकी, उघडत असाल तर आणखी एक तपासणी लागेल: तिथे क्लिक डॉमच्या नव्हे, रिअ‍ॅक्ट कंपोनंटच्या झाडातून चढतो, म्हणून मोडलमधला क्लिकही कार्डापर्यंत पोहोचतो. करंटटार्गेटमध्ये (ज्याचा हँडलर चालू आहे त्या कार्डात) टार्गेट आहे का, हे कंटेन्स या मेथडने बघा. नसेल तर तो क्लिक सोडून द्या.