तीन, सव्वाचार की सहा इंच? रुगर जीपी-१०० आणि नळीच्या लांबीचा प्रश्न

सव्वादोन इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरमधून पाच .३५७ मॅग्नम, म्हणजे जोरकस धक्क्याची काडतुसं, झाडल्या, सिलिंडर (गोळ्या भरायचं फिरतं चाक) उघडला, नळी आभाळाकडे केली आणि रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारी इजेक्टरची दांडी तळव्यानं दाबली. चार पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी कवचं, खाली पडल्या. पाचवी निम्मी वर येऊन तिथंच अडकली. नखानं ओढून काढताना बोट चांगलंच पोळलं. ते रिव्हॉल्व्हर भाड्याचं होतं, कंपनीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा कंपनीचा नाहीच. इजेक्टरची दांडी नळीच्या खाली बसते. नळी आखूड म्हटली की दांडीही आखूड. .३५७ची पुंगळी ३३ मिलिमीटर लांब, ती पूर्ण बाहेर ढकलायला दांडी पुरत नाही. त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये चालणाऱ्या, सौम्य .३८ स्पेशलची पुंगळी साडेतीन-एक मिलिमीटरनं छोटी, त्यामुळं ती बहुतेक वेळा सुटते. हे मला दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

मी मूळची कोल्हापूरची. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आता स्वप्निल कुसाळे, ही नावं आमच्याकडं घरच्यासारखी घेतली जातात. पण माझ्या हातात पहिल्यांदा बंदूक आली ती अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सला, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, शहराच्या उत्तरेच्या बेन एव्हरी रेंजवर. मला फक्त नेमबाजी करायची होती. रुगर कंपनीचं जीपी-१०० हे रिव्हॉल्व्हर घ्यायचं हे पक्कं होतं, स्टेनलेसच हवं हेही. इथल्या उन्हाळ्यात तळहाताला घामाची धार लागते. स्टेनलेसला गंज चढतच नाही असं नाही, पण घामाचे डाग रात्री पुसले तरी चालतात. अडलं होतं ते लांबीवर.

डॅलसचा भाचा आला होता. म्हणाला, "मावशी, एवढं धूड कशाला? तीन इंची घे, पर्समध्ये मावंल." त्याचं चूक नव्हतं. ॲरिझोनात २०१० पासून २१ वर्षांवरच्या माणसाला, कायद्यानं बंदी नसेल तर, परवान्याशिवाय लपवून बाळगता येतं, आणि आखूड नळी त्यासाठीच असते. पण मी बाळगणार नाही. माझं रिव्हॉल्व्हर घर ते रेंज आणि रेंज ते तिजोरी एवढाच प्रवास करतं.

ओळखीच्यांची तिन्ही लांबीची मागून घेतली आणि एकाच सकाळी चालवली. तीन इंची साधारण १ किलो, सव्वाचार इंची १.१३, सहा इंची १.२८. कागदावर फरक शे-दीडशे ग्रॅमचा, पण तो सगळा नळीच्या तोंडाकडं असतो. तीन इंचीतून मॅग्नम सुटली की नळी कपाळाकडं यायची, आणि ज्वाला अशी की पुढची गोळी झाडायच्या आधी मी डोळे मिटायला लागले. एकदा ती सवय लागली की मोडायला महिने जातात. सहा इंची त्या मानानं गाय होती. धक्का मवाळ, पुढची साइट (नेम धरायची खूण) जागेवर. मात्र चाळिसाव्या गोळीनंतर माझं मनगट थरथरायला लागलं आणि छिद्रं खाली खाली सरकू लागली.

लांब नळीनं नेम सुधारतो तो कसा, हे नीट समजून घ्या. गोळी जास्त सरळ जात नाही. दोन साइट्समधलं अंतर वाढतं, एवढंच. ते १०० मिलिमीटर असेल आणि तुमची पुढची साइट १ मिलिमीटर हलली, तर १० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते. अंतर दुप्पट केलं की चूक निम्मी, ५ सेंटिमीटर. शिकणाऱ्याच्या हाताला ही सवलत फार मोलाची आहे, म्हणून नवख्या माणसाला "आधी छोटं घे" असा सल्ला दिलेला ऐकला की मला मनापासून वाईट वाटतं. आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर हे मुरलेल्या हाताचं काम.

मी सव्वाचार इंची घेतलं, दोन वर्षं झाली. पुंगळ्या सहाच्या सहा एका दाबात खाली पडतात. मागची साइट स्क्रूनं फिरवता येते, त्यामुळं .३८ आणि .३५७ साठी वेगळा नेम लावता येतो. माझ्या ओळखीच्यांच्या तीन इंचीवर मागे नुसती खाच होती. एक काळजी मात्र घ्या: .३८ भरपूर झाडल्या की चेंबरमध्ये (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात) काजळीचं कडं बसतं आणि नंतर .३५७ची लांब पुंगळी घट्ट जाते. पितळी ब्रशनं प्रत्येक चेंबर दहा-बारा वेळा घासून घ्यायचं. आणि अंगठा सिलिंडरच्या पुढं कधीही नेऊ नका, नळी आणि सिलिंडरच्या फटीतून निघणारा वायू कातडी फाडतो.

फक्त कागदावर, बसून, टेकू देऊन झाडणार असाल तर सहा इंची बेलाशक घ्या. तीन इंचीवर मन बसलंच असेल तर आधी एक दिवस भाड्यानं घेऊन पन्नास गोळ्या झाडा, आणि शेवटच्या बारा मॅग्नमच्या ठेवा.