हॅमक कॅम्पिंगचा पूर्ण संच: खर्च कापडावर कमी, पाठीखाली जास्त करा

हॅमकबद्दल, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायच्या कापडी झोळीबद्दल, एक तक्रार हमखास ऐकू येते: दुपारी त्यात पडायला छान वाटतं, पण अख्खी रात्र काढवत नाही. पाठ केळ्यासारखी वाकते, गुडघे अवघडतात आणि पहाटे खालून गारठा चढतो. या तक्रारी खऱ्या आहेत आणि जवळपास प्रत्येकीला इलाज आहे. मात्र तो महागड्या कापडात क्वचितच सापडतो. तो असतो बांधण्याच्या कोनात, पायाकडच्या उंचीत आणि पाठीखाली लटकवलेल्या रजईत. म्हणून इथे एकट्या हॅमकचं नाही, तर कापड, झाडाला बांधायचे पट्टे, रिजलाइन (दोन टोकांना जोडणारी वरची दोरी), अंडरक्विल्ट (खालून लटकणारी रजई), मच्छरदाणी आणि टार्प (पावसासाठी वर ताणायचं कापड) अशा सगळ्या संचाचं परीक्षण केलं आहे.

कापडापासून सुरुवात करू. दोन्ही टोकांना चुण्या घालून बांधलेला साधा हॅमक हाच बहुतेकांसाठी योग्य. पण तो लांब हवा. दुकानात सर्रास दिसणारे हॅमक 270 ते 290 सेंमी लांब असतात. ते बसायला आणि तासभर लोळायला ठीक. झोपायचं असेल तर 180 सेंमीपर्यंत उंचीच्या माणसाने 335 सेंमी लांब आणि 150 सेंमी रुंद हॅमक घ्यावा. हॅमकमध्ये सरळ रेषेत झोपायचं नसतं, तिरकं झोपायचं असतं, आणि आखूड कापडात तिरकं होताच खांदे आवळले जातात, टाचा बाहेर पडतात. लांबी वाढवली तर वजन किती वाढतं? दर चौरस मीटरला 54 ग्रॅम भरणारं रिपस्टॉप (चीर पसरू न देणाऱ्या विणीचं) नायलॉन धरलं, तर 55 सेंमीच्या जादा लांबीला जेमतेम 45 ग्रॅम. एवढ्यासाठी झोप गमावू नये.

‘डबल’ या शब्दाने पुष्कळजण फसतात. काही ठिकाणी डबल म्हणजे नुसता जास्त रुंद हॅमक, तर काही ठिकाणी कापडाचे दोन थर. रुंद डबलमध्ये दोघांनी रात्र काढायची कल्पना सोडून द्या. दोघंही घसरून मधल्या खळग्यात एकमेकांवर येतात. दोन थरांचा हॅमक वेगळा. वजन 100 किलोच्या पुढे असेल किंवा झोपायची मॅट थरांच्या मध्ये सरकवायची असेल, तर तो कामाचा. एरवी एक थर पुरतो. आडव्या दांड्या लावून पसरट केलेला बागेतला हॅमक कॅम्पिंगला नेऊ नये. त्यात शरीराचा भार दोऱ्यांच्या पातळीजवळ येतो आणि कूस बदलताना तो सहज उलटतो.

नायलॉन अंगाला मऊ लागतं, पण ताणतं. नवा हॅमक पहिल्या काही रात्री सैल पडतो, तो दोष समजू नये. पॉलिस्टर कमी ताणतं, त्यामुळे जरा टणक वाटतं. ज्यांना अंगाखाली ठाम आधार हवा, त्यांना ते जास्त आवडेल.

वेगळ्या घडणीचे हॅमकही आहेत. वॉरबॉनेटच्या ब्लॅकबर्डमध्ये पावलांसाठी कापडाचा कप्पा शिवलेला असतो, त्यामुळे तिरकं झोपल्यावर पाय मोकळे राहतात. नॉर्वेच्या अमॉक कंपनीच्या ड्राउम्रमध्ये माणूस झाडांच्या रेषेला आडवा झोपतो आणि पाठ फुगवलेल्या मॅटवर सपाट राहते. मात्र मॅट नसेल तर तो वापरता येत नाही. कुशीवर झोपणाऱ्यांनी ब्रिज हॅमकही पाहावा: दोन्ही टोकांना दांडी असते, मधलं कापड खोल असतं, म्हणून तो स्थिर राहतो. दांड्यांचं वजन मात्र वाहावं लागतं. पालथं झोपायची सवय असेल, तर चुण्यांचा हॅमक तुमच्यासाठी नाही, हे आधीच लक्षात घ्या.

आता बांधणी. झाडाकडे जाणारा पट्टा आडव्या रेषेशी साधारण 30 अंशांचा कोन करायला हवा. मोजायला उपकरण लागत नाही. तर्जनी आडवी आणि अंगठा उभा धरून इंग्रजी ‘एल’ करा; अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंतची काल्पनिक रेघ जवळपास तेवढीच कलते. ताणून बांधलं की पाठ सरळ राहील, असं सगळ्यांना वाटतं, पण घडतं उलटं. ताणलेल्या हॅमकच्या दोन्ही कडा वर येतात, खांद्यांना चिमटा बसतो आणि तोल जातो. शिवाय पट्ट्यांवरचा ताण भयंकर वाढतो. 80 किलोच्या माणसासाठी 30 अंशांत प्रत्येक पट्ट्यावर सुमारे 80 किलोचा ताण येतो, 15 अंशांत 155 आणि 5 अंशांत तब्बल 460 किलोचा. शिवण उसवते, पट्टा सरकतो, बकल वाकतं, ते बहुधा यामुळेच. चावी अडकवायची शोभेची कॅराबिनर (झडपेची धातूची कडी) इथे वापरूच नका. किमान 12 किलोन्यूटन (सुमारे 1,200 किलोचा भार) असा छाप असलेलीच घ्या.

दरवेळी कोन पाहण्यापेक्षा दोन टोकांमध्ये कायमची रिजलाइन बांधून ठेवणं सोयीचं. तिची लांबी हॅमकच्या 83 टक्के ठेवायची, म्हणजे 335 सेंमीच्या हॅमकला 278 सेंमी. दोरी न ताणणारी हवी. 2 ते 3 मिमी जाडीची डायनिमा या मजबूत कृत्रिम धाग्याची दोरी उत्तम. मग झाडं जवळ असोत वा लांब, कापडाचा झोळ तेवढाच राहतो. आत झोपल्यावर ही दोरी चिमटीत धरून पाहा. थोडी वळवता आली पाहिजे. सतारीच्या तारेसारखी वाजत असेल तर पट्टे सैल करा, लोंबत असेल तर आवळा.

झाडं जिवंत आणि निदान 15 ते 20 सेंमी जाड हवीत, त्यांच्यातलं अंतर 3.5 ते 5 मीटर असावं. वरच्या वाळक्या फांद्या आधी पाहा, जागेची शोभा नंतर. झाडं सव्वाचार मीटरवर असतील तर पट्टा जमिनीपासून 170 सेंमीच्या आसपास येतो आणि बसल्यावर हॅमकचा तळ गुडघ्याच्या उंचीला, साधारण 45 सेंमीवर राहतो. त्याहून उंच टांगण्यात फायदा नाही, पडलं तर लागतं मात्र जास्त.

आत शिरताना मधोमध बसा, मागे रेला, पाय वर घ्या आणि मग पावलं एका बाजूला, डोकं दुसऱ्या बाजूला सरकवा. पावलं मधल्या रेषेपासून 25 ते 30 सेंमी बाजूला गेली की कापड एकदम सपाट होतं. ते पाठीला लगेच कळतं. इतकं करूनही एका पोटरीखाली काहीतरी टोचत राहतं. तिथे हात घालून पाहा: कापडाची एक ताठ धार बोटांना लागेल, जणू आत दोरी शिवली आहे. पायाकडची बाजू खाली असली की ही धार वर उठते. धड जड असल्यामुळे ते डोक्याच्या बाजूला जास्त रुततं आणि पाय हलके पडतात. पायाकडचा पट्टा डोक्याकडच्यापेक्षा 20 ते 25 सेंमी वर बांधला की शरीर पायाकडे घसरत नाही आणि ही धार बरीचशी विरते. तरीही गुडघे उलटे ताणल्यासारखे वाटले तर जाकिटाची घडी करून त्यांच्याखाली ठेवा. मोठी उशी नको. हॅमकमध्ये मान आधीच उचललेली असते.

पट्टे निदान 2.5 सेंमी रुंद हवेत, नाहीतर झाडाची साल कापली जाते. ते पॉलिस्टरचेच घ्या. नायलॉनचे पट्टे रात्रभर ताणत राहतात आणि पहाटे बूड जमिनीला टेकतं. साखळीसारखे फास शिवलेले पट्टे नवख्याला सोपे, पण उंची टप्प्याटप्प्यानेच बदलते आणि ते वजनाला जड असतात. बकलचे पट्टे हवे तिथे थांबवता येतात, म्हणून आमची पसंती त्यांना. गुळगुळीत, पातळ पट्टा बकलमधून सरकू शकतो, त्यासाठी मागे एक सुरगाठ मारायची सवय लावा. व्हूपी स्लिंग (लांबी कमी-जास्त करता येणारा दोरीचा फास) सर्वांत हलकी, पण तिला ठरावीक मर्यादेपलीकडे आखूड करता येत नाही. झाडं जवळ असली की अडचण होते.

आता अंडरक्विल्ट, या संचातली सर्वांत महत्त्वाची वस्तू. स्लीपिंग बॅगमध्ये शिरून हॅमकमध्ये झोपलं की पाठीखालचा भाग अंगाच्या भाराने चेपला जातो. ऊब देते ती भरणीतली अडकलेली हवा; ती निघून गेली की उरतं फक्त कापड, आणि खालून वारा मोकळा फिरत असतो. तापमान 20 अंश सेल्सिअसवर आलं की पाठीला गार लागायला सुरुवात होते. अंडरक्विल्ट ही रजई हॅमकच्या बाहेरून, खालच्या बाजूला लटकते. तिच्यावर भार येत नाही, म्हणून ती फुगलेली राहते.

विकत घेताना पूर्ण लांबीची, म्हणजे 190 ते 200 सेंमीची घ्या. पाऊण लांबीची, साधारण 130 सेंमीची, हलकी असते, पण पायाखाली मॅटचा तुकडा लागतोच आणि ती जागेवर बसवायला वेळ जातो. पिसांची भरण हलकी आणि लहान घडीत मावणारी, पण ओली झाली की निकामी. कृत्रिम भरण जड, मात्र दमटपणात बरीच तग धरते. रजईवर लिहिलेला तापमानाचा आकडा कंपनीगणिक वेगवेगळ्या हिशेबाने येतो, म्हणून अपेक्षित थंडीपेक्षा 5 अंश खालची घ्यावी.

चांगली अंडरक्विल्टही वाईट बांधली तर व्यर्थ. दोन चुका होतात. फार सैल सोडली की हॅमक आणि रजई यांच्यात पोकळी राहते, गार हवा आत फिरते आणि सगळी पाठ एकसारखी गारठते. फार ताणली की भरण चेपली जाते आणि ठरावीक जागी, बहुतेक वेळा नितंबांखाली, थंडीचा चट्टा पडतो. गारठा कुठे लागतो यावरून चूक ओळखता येते. बसवताना दोन्ही टोकांची इलॅस्टिक दोरी सारखी ओढा, आत झोपा आणि दुसऱ्याला खालून हात घालायला सांगा: रजई कापडाला टेकलेली हवी, दाबलेली नको. एकटे असाल तर आत पडून बाजूने हात खाली घाला. तळहात सहज सरकला आणि वर कापड, खाली मऊ फुगवटा लागला, तर ती बरोबर बसली आहे. शेवटी दोन्ही टोकांच्या चुण्या ओढून बंद करा. खांद्यापाशी बोटभर फट राहिली तरी वारा तिथून शिरतो.

अंडरक्विल्ट परवडत नसेल तर बंद पेशींच्या फोमची (न फुगवायची, गुंडाळून न्यायची) मॅट चालते. ती स्वस्त आणि भरवशाची, पण गुळगुळीत कापडावरून घसरते, पाठीला घाम आणते आणि 50 सेंमी रुंदीची असली तर खांदे उघडे पडतात. खांद्यांपाशी आडवा तुकडा जोडून रुंदी 75 सेंमी करा. फुगवायची मॅट असेल तर अर्धवट भरा. गच्च भरलेली अंगाखालून निसटते. अंगावर घ्यायला मात्र स्लीपिंग बॅगेपेक्षा उघडी रजई बरी, झिपशी झटापट होत नाही.

मच्छरदाणी बारीक जाळीची हवी. हॅमकला शिवलेली आणि झिपची असेल तर चटकन लावता येते. वेगळी, खालून शिरायची असेल तर डास नसतील त्या दिवसांत घरी ठेवता येते. एक गोष्ट विसरू नका: पातळ एकेरी कापडातून डास खालूनही चावतात. अंडरक्विल्ट असेल तर पाठ वाचते, नसेल तर नाही.

टार्प हॅमकच्या रिजलाइनपेक्षा दोन्ही टोकांना निदान 15 सेंमी पुढे यायला हवा. 278 सेंमीला 335 सेंमी लांब टार्प घेतला की दोन्हीकडे 28 सेंमी मिळतात. सिलिकॉन लावलेलं नायलॉन भिजलं की ढिलं पडतं आणि रात्री उठून पुन्हा ताणावं लागतं. सिलिकॉन लावलेलं पॉलिस्टर जवळपास तसंच राहतं, म्हणून ते घ्या. वादळात टार्प खाली आणा आणि वाऱ्याकडची कड जमिनीजवळ खुंटवा. सहा कोपऱ्यांचा टार्प बहुतेक हवामानात पुरतो. टोकांना दारं असलेला टार्प उघड्या डोंगरकड्यावर जास्त कामी येतो.

पाऊस असेल तर पट्ट्यांवरूनही पाणी येतं. झाडाच्या खोडावरून उतरणारं पाणी पट्ट्याला धरून थेट हॅमकच्या टोकाशी पोचतं आणि कापड ते शोषून घेतं. टार्पच्या आत, हॅमकपासून वीतभर आधी पट्ट्यावर सुती दोरीचा तुकडा बांधून 15 सेंमी लोंबता ठेवा. पाणी त्यावरून खाली ठिबकतं. बकल किंवा धातूचं कडं असेल तर तेही बऱ्यापैकी हेच काम करतं.

टार्प सगळ्यात आधी लावायचा, सगळ्यात शेवटी काढायचा आणि ओला असेल तर वेगळ्या पिशवीत भरायचा, म्हणजे रजया कोरड्या राहतात. आणि मुक्काम झाडांच्या रेषेच्या वर जाणार असेल तर फोमची एक मॅट जरूर बरोबर ठेवा: जमिनीवर झोपायची वेळ आली, तर अंगाखाली आलेली अंडरक्विल्टही स्लीपिंग बॅगेसारखीच चेपली जाते.