सोलारिस १० वरून ऑम्निओएस : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

सोलारिस १० ही ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या आमच्या स्पार्क (एक प्रोसेसर) सर्व्हरवर फाइल शेअरिंग आणि रात्री चालणारे सी भाषेतले जुने प्रोग्राम, एवढंच काम होतं. ते इंटेल प्रोसेसरच्या नव्या मशीनवर हलवायचं होतं. सोलारिस ११.४, फ्रीबीएसडी आणि ऑम्निओएस या ऑपरेटिंग सिस्टिमांतून ऑम्निओएस घेतलं, आणि या कामासाठी पुन्हा तेच घेऊ. २०१० मध्ये ओपनसोलारिस (सोलारिसची खुल्या कोडची आवृत्ती) बंद पडलं तेव्हा त्याच कोडमधून इल्युमॉस निघालं, आणि ऑम्निओएस त्यावरच उभं आहे. त्यामुळे एसएमएफ (सर्व्हिस सांभाळणारी यंत्रणा), झोन (एकाच मशीनवरचे वेगळे कप्पे), डीट्रेस (चालू सिस्टिम तपासण्याचं साधन) सगळं हाताच्या सवयीचं. फ्रीबीएसडीचे जेल (झोनसारखेच कप्पे) उत्तमच, पण एसएमएफसाठी बनवलेल्या आपल्या सर्व्हिसच्या स्क्रिप्ट तिथे नव्याने लिहाव्या लागतात.

डिस्क हलवण्याआधी 'झेडपूल गेट व्हर्जन' चालवाच. पूल म्हणजे झेडएफएस या फाइल सिस्टिमने एकत्र बांधलेल्या डिस्क. पूलचं व्हर्जन २८ पर्यंत असेल तर तो ऑम्निओएसवर उघडतो. २९ पासून पुढचं ओरॅकलच्या कुलपात आहे. सोलारिस १० च्या शेवटच्या अपडेटमध्ये पूल ३२ पर्यंत चढवता येतो, आणि चढवलेला खाली उतरत नाही. आमचा ३२ निघाला, म्हणून आरसिंक या कॉपी करण्याच्या प्रोग्रामने फाइली आणल्या. फाइली आल्या, पण एनएफएसव्ही४ पद्धतीच्या एसीएल (कोणाला काय करता येईल त्या परवानग्यांच्या याद्या) मागेच राहिल्या. जुन्या मशीनवर 'एलएस -व्ही'ने त्यांची यादी काढून इकडे 'सीएचमॉड ए='ने बसवल्या.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो बाइटच्या क्रमाने. स्पार्क वरचा बाइट आधी लिहितं, इंटेल खालचा. झेडएफएस स्वतःपुरतं हे सांभाळतं, पण प्रोग्रामने मेमरीतलं अख्खं स्ट्रक्चर (सी मधला माहितीचा गट) जसंच्या तसं फाइलमध्ये ओतलं असेल तर तिथला १ इकडे १६७७७२१६ म्हणून वाचला जातो. एरर येत नाही, नुसत्या बेरजा चुकतात! वाचताना प्रत्येक ३२ बिटी पूर्णांकाला 'एनटीओएचएल' आणि लिहिताना 'एचटीओएनएल' ही बाइटचा क्रम बदलणारी फंक्शन्स लावली, तेव्हा जुन्या फाइली आणि नवे प्रोग्राम जुळले.

मशीन घेताना रेड (RAID, अनेक डिस्क स्वतःच एकत्र करणारं) कार्ड टाळा, ते झेडएफएसपासून डिस्क लपवतं. आयटी मोडमधलं (डिस्क थेट दाखवणारं) एलएसआय कार्ड, इंटेलचं नेटवर्क कार्ड आणि ईसीसी (चुका दुरुस्त करणारी) मेमरी घ्या.

अपडेटची पद्धत मनापासून आवडली. मोठ्या अपडेटला 'पीकेजी अपडेट' नवं बूट एन्व्हायर्नमेंट (सिस्टिमची बूट करता येणारी वेगळी प्रत) तयार करतं. बिघडलं तर 'बीईएडीएम ॲक्टिव्हेट'ने जुनं निवडून रीबूट करायचं. एलटीएस (दीर्घकाळ सपोर्ट असलेल्या) आवृत्तीला ३ वर्षं अपडेट मिळतात.

पॅकेजेस मात्र कमी आहेत. काही लिनक्स प्रोग्राम एलएक्स झोनमध्ये (लिनक्ससाठीचा झोन) चालतात, सगळे नाही. ओरॅकल डेटाबेस अधिकृत सपोर्टसह चालवायचा असेल तर सोलारिसवरच राहा.