नाशिकमधली सीएसएफ तपासणी: स्लाइड झकास, रिपोर्ट अर्धवट

वर्षाच्या आतल्या बाळाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, असेल, तर पाठीतल्या पाण्याचा, म्हणजे सीएसएफचा, पहिला रिपोर्ट फार वजनाचा. या वयात आजार मेंदूपर्यंत पोचण्याचं प्रमाण मोठ्या मुलांपेक्षा जास्त असतं. गंगापूर रोड भागातल्या एका खासगी लॅबच्या या सेवेला पाचपैकी साडेतीन.

जमेची बाजू सायटोस्पिन. पाण्यात पेशी मुळातच मोजक्या, साध्या स्लाइडवर ब्लास्ट, म्हणजे कर्करोगाच्या कच्च्या पेशी, निसटतात. इथे त्या फिरवून काचेवर एका गोलात बसवतात, आधी अल्ब्युमिनचा थेंब घालतात, त्यामुळे पेशी फुटत नाहीत. मोजणीही चेंबरमध्ये हाताने होते. पेशी इतक्या कमी असल्या की मशीनच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

अडतं रिपोर्टपाशी. ‘ब्लास्ट दिसले’ एवढंच येतं, आरबीसीचा, म्हणजे लाल पेशींच्या आकड्याचा, पत्ताच नाही! आजार मेंदूपर्यंत किती पोचला ते सीएनएसच्या दर्जात सांगतात: ब्लास्ट आहेत आणि पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला 5 पेक्षा कमी, तर सीएनएस 2; 5 किंवा जास्त, तर सीएनएस 3. पण सुई टोचताना रक्त मिसळलं, म्हणजे आरबीसी 10 किंवा जास्त निघाल्या, तर ते ब्लास्ट रक्तातलेही असू शकतात. मग त्याच दिवशीचा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, समोर ठेवायचा: पांढऱ्या पेशींना लाल पेशींनी भागून येणारा आकडा पाण्यात रक्ताच्या दुपटीहून जास्त असेल, तर आजार पाण्यात आहे असं धरतात. आरबीसीच नसतील तर भागणार कशाने? फॉर्मवरच ‘आरबीसी काउंट हवा’ असं ठळक लिहा. मागितला की देतात. (ल्युकेमियामुळे चेहऱ्याची नस लुळी पडली असेल, तर पाणी स्वच्छ येऊनही सीएनएस 3 च.)

फ्लो सायटोमेट्रीचं, म्हणजे पेशींवरच्या खुणांवरून ब्लास्ट ओळखणाऱ्या तपासणीचं, सॅम्पल मुंबईला जातं. इथे जपून. पाण्यातल्या पेशी तासाभरातच नासायला लागतात. साध्या नळीतून पाठवलं तर कसारा घाट उतरेपर्यंत बऱ्याच गेलेल्या असतात, आणि ‘निगेटिव्ह’ला अर्थ उरत नाही. स्टॅबिलायझर (पेशी टिकवणारं द्रव्य) घातलेली नळी लॅबकडे आयत्या वेळी नसते, आदल्या दिवशी सांगून ठेवा. पॅनेलमध्ये, म्हणजे तपासायच्या खुणांच्या यादीत, सीडी 19, सीडी 34 सोबत एनजी 2 आहे का, तेही विचारून घ्या. केएमटी2ए हे जनुक बिघडलेल्या बाळांच्या ब्लास्टवर सीडी 10 बहुधा नसतो, त्यामुळे त्यावर विसंबलेलं पॅनेल फसतं.

पिकअपची वाट बघत बसू नका. द्वारका सर्कलच्या कोंडीत अर्धा तास सहज जातो. पाणी सकाळीच काढा आणि सायटोस्पिनची नळी वॉर्डातला माणूस हातोहात पोचवेल असं बघा.